टँकरचे पैसे माणशी की फ्लॅटमागे?

मे महिन्यात आमच्या सोसायटीत भांडण झालं. बोअरनं मान टाकली होती आणि नळाचं पाणी तिसऱ्या मजल्याच्या वर चढत नव्हतं, म्हणून दिवसाआड टँकर मागवायला लागले. महिनाअखेरीला हिशेब करायला बसलो तेव्हा चोवीस फ्लॅटचे तीन पक्ष झालेले. एक म्हणे, फ्लॅटमागे सारखे पैसे काढा. दुसरा म्हणे, माणशी काढा. दोनशे तीनमध्ये सात माणसं राहतात, आम्ही दोघंच, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्याचं म्हणणं, वापर जितका तितके पैसे, पण वापर मोजायला मीटर कुठं होते? दोनशे तीनमधल्या काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सात माणसं आहेत हो आमच्याकडं, पण सातही जण बादलीनं आंघोळ करतात. गच्चीवर ज्यांची बाग आहे त्यांचं काय?"

यानंतर जे व्हायचं ते झालं. शेवटी चेअरमन काका वैतागून म्हणाले, "लोकसंख्याच एवढी वाढलीय, कुठं कुठं पुरणार पाणी!" आणि गंमत म्हणजे सगळ्यांनी माना डोलावल्या. तासाभरात एकमत झालेलं ते एकमेव वाक्य.

ते वाक्य कितपत खरं आहे, हे तपासण्यासाठी हा लेख. सध्याच्या बातम्या वाचून डोकं गरगरावं अशीच स्थिती आहे. २०२३ मध्ये भारतानं चीनला मागं टाकलं, आपण जगात पहिले. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री लोकांना सांगत होते की जास्त मुलं होऊ द्या. चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटते आहे. म्हणजे माणसं जास्त झाली की कमी पडायला लागली?

वाढतेय, पण वेग उतरतोय

जगात पहिले शंभर कोटी लोक व्हायला साधारण १८०४ साल उजाडलं. दुसरे शंभर कोटी १९२७ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. तिसरे १९६० मध्ये, तेहेतीस वर्षांत. त्यानंतर दर अकरा ते चौदा वर्षांनी शंभर कोटींची भर पडत गेली आणि १५ नोव्हेंबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांनी आठशे कोटींचा आकडा जाहीर केला.

हे आकडे असे ओळीनं मांडले की घाबरायला होतं. पण बँकेतल्या ठेवीसारखा विचार करा. चक्रवाढ व्याजात दोन गोष्टी असतात, मुद्दल आणि दर. मुद्दल मोठं असलं की दर कमी होऊनही व्याज भरपूर दिसतं. जगाच्या लोकसंख्येचा वाढीचा दर १९६० च्या दशकात वर्षाला दोन टक्क्यांच्या वर होता, आज तो एक टक्क्याच्या खाली आलाय. मुद्दल आठशे कोटींचं असल्यामुळे वर्षाला सात कोटींच्या आसपास भर अजूनही पडते, पण व्याजदर कोसळलेला आहे. नऊशे कोटी व्हायला आता अकराऐवजी पंधरा वर्षं लागतील असा अंदाज आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार २०८० च्या दशकात हा आकडा सुमारे १,०३० कोटींवर थांबेल आणि मग हळूहळू उतरेल.

आजीची नऊ, आईची तीन

दर का उतरला हे पाहायला लांब जायला नको. माझ्या आजीला नऊ मुलं झाली, जगली पाच. आईला आम्ही तिघं. मला एक मुलगी. पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात आजीच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात एक चांदीचा वाळा होता, दोन वर्षांचा होऊन गेलेल्या मुलाचा. ती त्याच्याबद्दल कधी बोलली नाही, पण वाळा शेवटपर्यंत मोडला नाही.

नऊ मुलं ही तिची हौस नव्हती. चार जाणार हे जणू गृहीत धरूनच घरं चालत. लशी आल्या, जुलाबावर साधं मीठ-साखरेचं पाणी आलं, देवी हटली. मुलं जगायला लागली. घरातल्यांना हे पटून पाळणे कमी व्हायला मात्र एक पिढी गेली. मृत्यू आधी कमी झाले आणि जन्म नंतर. मधल्या काळात जो फुगवटा येतो त्यालाच आपण लोकसंख्येचा स्फोट म्हणतो. लोक अचानक जास्त मुलं काढायला लागले म्हणून तो झाला नाही, मुलं मरायची थांबली म्हणून झाला.

इथं एकच पारिभाषिक शब्द लागेल: प्रजनन दर. एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतात, तो आकडा. हा २.१ असला की एक पिढी आपल्या जागी तेवढीच दुसरी पिढी ठेवून जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये भारताचा प्रजनन दर ३.४ होता, २०१९-२१ मध्ये तो २.० झाला. महाराष्ट्राचा १.७. म्हणजे पिढी भरून निघण्याच्या रेषेखाली आपण आधीच गेलोय. दक्षिण कोरियात तर तो एकाच्याही खाली आहे. आंध्रच्या मुख्यमंत्र्यांची काळजी त्या बाजूची: उद्या म्हातारे जास्त आणि कमावते कमी झाले तर काय?

पाऊस थांबला, तरी पाणी का चढतं?

"प्रजनन दर खाली आला म्हणता, मग लोकसंख्या वाढतेच कशी?" हा प्रश्न हटकून येतो. नाशिककराला याचं उत्तर गोदाघाटावर मिळेल.

पावसाळ्यात नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती ही आमची मोजपट्टी. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, असं शहरभर विचारलं-सांगितलं जातं. पण शहरात ऊन पडलेलं असतं आणि मारुतीभोवती पाणी चढत असतं, हे कितीदा तरी पाहिलंय. कारण त्र्यंबककडं काल झालेला पाऊस आज गंगापूर धरणात येतो, मग विसर्ग वाढवतात, आणि ते पाणी काही तासांनी घाटावर पोचतं. आभाळ निवळलं तरी वाटेत असलेलं पाणी यायचंच.

लोकसंख्येचंही तसंच. वीस-तीस वर्षांपूर्वी जन्मलेली मोठी पिढी आज लग्नाच्या वयाची आहे. त्यांना दोन-दोनच मुलं झाली तरी जोडपीच इतकी आहेत की एकूण जन्म मृत्यूंपेक्षा जास्त राहतात. हा ओघ ओसरायला दोन पिढ्या जातात. भारताची लोकसंख्या अजून काही दशकं वाढत राहणार, ती याच कारणानं.

मग नाशिकला पाणी का पुरत नाही?

आता आपल्या घरचं गणित मांडू. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हे आपल्याकडचं सरकारी प्रमाण आहे. वर्षाला होतात ४९ हजार लिटर आणि थोडे वर. धरणाचं पाणी पेपरात दलघफूमध्ये येतं, म्हणजे दशलक्ष घनफूट. एक दलघफू म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख लिटर. भागाकार केला तर एक दलघफू पाणी पावणेसहाशे माणसांना वर्षभर पुरतं. हा आकडा लक्षात ठेवा, धरणाच्या बातम्या एकदम कळायला लागतील.

गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दलघफू. गुणाकार केला तर बत्तीस लाख माणसांचं वर्षभराचं पाणी एकट्या गंगापुरात मावतं. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या होती १४ लाख ८६ हजार. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता ती २०२७ मध्ये होते आहे. तोवर वीस लाख धरू. वीस लाखांना लागतील साडेतीन हजार दलघफू. कागदावर पाणी उरतं! शिवाय मुकणे, दारणा ही धरणं आहेत.

मग आमच्याकडं टँकर का?

कारण धरण शहराच्या एकट्याच्या मालकीचं नाही. त्यातून शेतीची आवर्तनं सुटतात, कारखान्यांना पाणी जातं, उन्हात वाफ होते. तळाशी गाळ बसतो आणि दर वर्षी थोडी क्षमता गिळतो. जुन्या जलवाहिन्या गळतात. खाली मराठवाडा आहे. २००५ च्या कायद्यानं समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं आणि पुढं नियम ठरला की ऑक्टोबरच्या मध्याला मराठवाड्याचं जायकवाडी धरण पासष्ट टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. त्या महिन्यात नाशिक-नगर एका बाजूला आणि संभाजीनगर दुसऱ्या बाजूला. आमच्या सोसायटीचंच भांडण, फक्त मजले मोठे.

आणखी एक आकडा बघा. नाशिक शहरात १९९१ मध्ये साडेसहा लाख लोक होते, २०११ मध्ये पावणेपंधरा लाख. वीस वर्षांत दुपटीपेक्षा जास्त. याच काळात घरटी मुलं मात्र कमी होत होती. ही माणसं पाळण्यातून कमी आणि एसटीतून-रेल्वेतून जास्त आली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, बांधकामांवर, शिक्षणाला, जळगाव-धुळ्याहून, उत्तरेतून. सिंहस्थाचं उदाहरण घ्या. २०२७ च्या पर्वणीला रामकुंडावर लाखो लोक उतरतील. त्यातला एकही माणूस त्या दिवशी नव्यानं जन्मलेला नसेल. घरी असता तरी पाणी प्यायलाच असता. ताण येतो तो सगळे एका ठिकाणी, एका दिवशी, एका नदीवर आल्यामुळे.

उलट बाजूही आपल्याच जिल्ह्यात आहे. इगतपुरीकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यातही धो-धो. वस्ती विरळ. तरी एप्रिल लागला की त्या पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. तिथं माणसं जास्त नाहीत आणि पाऊस कमी नाही. पाणी अडवायला जागा आणि पैसा लावलेला नाही, एवढंच. येवला-सिन्नरला त्याच्या पाचवा-सहावा हिस्सा पाऊस, आणि त्यातल्या कालव्याखालच्या गावांत ऊस आणि मका उभा दिसतो.

ताटातलं पाणी

नळाचं पाणी हा एकूण वापराचा छोटा भाग. जगात नद्या, तलाव, विहिरींमधून उपसलेल्या गोड्या पाण्यातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी शेतीला जातं, भारतात त्याहून जास्त. एक किलो गहू पिकायला जागतिक सरासरीनं सुमारे १,८०० लिटर पाणी लागतं. म्हणजे किलोभर कणकेत एका शहरी माणसाचं तेरा दिवसांचं नळाचं पाणी. कोंबडीच्या किलोभर मटणाला चार हजारांच्या वर, एका सुती टी-शर्टला अडीच हजारांच्या आसपास. यातलं बरंचसं पावसाचं थेट शेतात मुरलेलं पाणी असतं, सगळं धरणातून येत नाही. हे न सांगता नुसते आकडे फेकणारे लोक घाबरवायचं काम करतात. तरीही मुद्दा उरतोच. निफाड-दिंडोरीची द्राक्षं पेटीत बसून परदेशी निघतात तेव्हा त्यांच्याबरोबर ओझरखेड, पालखेडचं पाणीही निघतं. याला आभासी पाणी म्हणतात.

तेव्हा पृथ्वीवरचा ताण मोजायला एक गुणाकार करावा लागतो: माणसं किती, गुणिले प्रत्येकाचा वापर किती, गुणिले ती वस्तू तयार करायची पद्धत किती उधळी. तीनपैकी एकच आकडा सगळ्यांना दिसतो, कारण डोकी मोजता येतात. अमेरिकेतला सरासरी माणूस वर्षाला चौदा-पंधरा टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, भारतातला सुमारे दोन टन. एका अमेरिकन माणसात सात भारतीय बसतात. दोनशे तीनमधल्या काकू हेच म्हणत होत्या.

"माणूस हुशार आहे, काढेल मार्ग"

हा आक्षेप हसण्यावारी न्यायचा नाही, कारण इतिहास बऱ्यापैकी त्याच्या बाजूनं आहे. १७९८ मध्ये माल्थस या इंग्रज पाद्र्यानं सांगितलं होतं की माणसं गुणाकारानं वाढतात आणि अन्न बेरजेनं, तेव्हा उपासमार अटळ. तेव्हा जगात शंभर कोटीही लोक नव्हते. पुढं जर्मनीत हाबर आणि बॉश यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून खत करायची युक्ती काढली, १९१३ मध्ये कारखाना सुरू झाला, आणि आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांचं अन्न त्या खतावर उभं आहे. आपला युरिया त्याच घराण्यातला.

१९८० मध्ये पॉल एर्लिक आणि ज्युलियन सायमन या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी चक्क पैज लावली. एर्लिक म्हणाले, माणसं वाढणार म्हणजे वस्तूंचा तुटवडा होणार आणि भाव चढणार. सायमन म्हणाले, उतरतील. तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन असे पाच धातू निवडले, मुदत दहा वर्षं. त्या दशकात जगात ऐंशी कोटींहून जास्त माणसं वाढली. पाचही धातूंचे भाव महागाई वजा जाता उतरले आणि एर्लिक यांनी ५७६ डॉलरचा चेक पाठवून दिला. दुसरं एखादं दशक निवडलं असतं तर निकाल उलट लागला असता, असंही नंतर अनेकांनी दाखवलं.

मला या पैजेत वेगळीच गोष्ट दिसते. धातूला भाव असतो. भाव चढला की लोक काटकसर करतात, पर्याय शोधतात, नवी खाण काढतात. जमिनीखालच्या पाण्याला भाव नाही. उसाच्या रसाच्या एकाच ग्लासात चौघांनी नळ्या घालून प्यावं तसं ते आहे. सावकाश पिणारा मूर्ख ठरतो. शेजाऱ्यानं चारशे फूट बोअर घेतलं की आपण पाचशे घेतो. जगात सर्वात जास्त भूजल उपसणारा देश भारत आहे. नदीत सोडलेल्या सांडपाण्याचं बिल कुणाला येत नाही, हवेत सोडलेल्या धुराचंही नाही. म्हणून मी पैज लावायची झाली तर धातूंवर लावणार नाही. ज्यांना बाजारात भाव आहे त्या वस्तूंची काळजी बाजार थोडीफार घेतो. गोदावरीची कोण घेणार?

"कडक कायदा करा, प्रश्न मिटेल"

आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. गावोगावच्या जबरदस्तीच्या कहाण्या अजून सांगितल्या जातात, आणि पुरुष नसबंदीचं नाव त्यानंतर आपल्याकडं जे बिघडलं ते आजतागायत. चीननं पस्तीस वर्षं एक मूल धोरण चालवलं, २०१५ च्या शेवटी सोडलं, आणि आता जास्त मुलं व्हावीत म्हणून सरकार पैसे देतंय. लोक मात्र तयार नाहीत.

कायद्याविना काय होतं ते केरळनं आणि आपणही दाखवलंय. देशात शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं होतात, बारावी किंवा पुढं शिकलेलीला १.८. मुलगी शाळेत राहिली की लग्न लांबतं, पहिलं मूल लांबतं, आणि दुसऱ्यानंतर थांबायचं हे ती स्वतः ठरवते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं तेव्हा त्यांचा मुद्दा बाईच्या तब्येतीचा आणि तिच्या इच्छेचा होता, देशाच्या डोईजड संख्येचा नंतर. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. शंभर वर्षांनी आकडे त्यांच्या बाजूनं बोलतायत.

"म्हणजे संख्येला काहीच अर्थ नाही?"

असं कोण म्हणतंय? अर्थ आहे. आकाशातून पडणारं पाणी दर वर्षी साधारण तेवढंच. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. देशातलं वर्षाचं उपलब्ध पाणी माणशी वाटलं तर १९५१ मध्ये प्रत्येकाच्या वाट्याला अशा ५,१७७ टाक्या येत होत्या. २०२१ मध्ये आल्या १,४८६. सतराशेच्या खाली गेलं की पाण्याचा ताण मानतात, हजाराच्या खाली टंचाई. ही घट सरळ सरळ संख्येनं केलीय, जवळपास सदतीसशे टाक्या कुणी चोरल्या नाहीत. बिहारमध्ये प्रजनन दर अजून तीनच्या आसपास आहे, आफ्रिकेतल्या अनेक देशांत चारच्या वर. तिथल्या बायकांना हव्या तेवढ्याच मुलांवर थांबता आलं तर त्यांच्यासाठी आणि विहिरीसाठीही बरंच.

पण त्या वाट्यातल्या पुढच्या टाक्या कुठं जातील, हे आता पाळण्यापेक्षा ऊस, बोअर, गळके पाइप आणि आपल्या बाथरूमवर जास्त अवलंबून आहे. पाळण्याचा वेग उतरलाच आहे.

आमच्याकडचं पुढं असं झालं की, दोन बैठका आणि एक राजीनामा यानंतर सगळ्या फ्लॅटना मीटर बसले. पहिल्या महिन्याचं रीडिंग वॉचमनदादांनी वहीत लिहून नोटीसबोर्डवर लावलं. दोनशे तीनचा वापर वरून नववा निघाला, माणशी पाहिलं तर सर्वात कमी. "माणशी काढा" म्हणणारे गृहस्थ पाचवे. तिघांचा फ्लॅट असून दुसऱ्या नंबरवर आम्ही! मी तडक खाली जाऊन मीटर बिघडलाय म्हणून तक्रार केली. प्लंबर आला, मीटरकडं न बघता थेट बाथरूममध्ये गेला, फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं आणि मला हाक मारली. आत पाण्याची बारीक धार चालू होती, आवाजही न करता. "किती दिवस चालूय हे, साहेब?" त्यानं विचारलं. मला सांगता येईना. वॉशर साठ रुपयांना आला.

टँकरच्या पैशांचा ठराव अजून व्हायचाय. रविवारी पुन्हा बैठक आहे.